बिनलगामाचा श्वास

इचलकरंजीत त्या काळी मुलगी बघायला येणारी माणसं पत्रिका मागत नसत. व्रणखूण आहे का, एवढंच विचारत. अठरावं सरलं की प्रत्येकाने श्वासपेढीत जायचं आणि एका थंडगार नळीत श्वास सोडायचा. श्वासातला ओलावा नळीत थेंब होऊन साचायचा, तो तपासला जायचा, आणि हे फुप्फुस पुढे टिकणार की नाही ते कळायचं.

शर्वरी बिरंजेच्या श्वासात खूण निघाली तेव्हा ती जिल्ह्याच्या कबड्डी संघात चढाई करत होती.

घराला ही बातमी नवी नव्हती. थोरल्या केतकीच्या श्वासातही खूण निघाली होती. केतकी शर्वरीपेक्षा सरस खेळायची. मैदानावरचे जुने लोक अजून तसं म्हणत. तिने मुकाट्याने औषध घेतलं. औषधाचं नाव लांबलचक होतं, लोक त्याला लगाम म्हणत. फुप्फुसाला इजा झाली की शरीर ती सांधतं. काहींच्यात हे सांधणं थांबतच नाही. व्रणावर व्रण चढत जातो आणि मऊ फुप्फुस चामड्यासारखं ताठ होतं. लगाम त्या सांधणाऱ्या पेशींनाच कायमचा बांधून टाकी. मात्र रोजची किरकोळ डागडुजीही मग नीट होत नसे. माणूस जगायचा, पण अर्ध्या दमावर. केतकी आता शाळेत चित्रकला शिकवायची आणि जिन्याच्या वळणावर थांबून खिडकीबाहेर बघत राहायची, जणू तिथलं काहीतरी तिला फार आवडतं.

सक्ती नव्हती. पण खूण असून लगाम न घेणाऱ्याला संघात जागा नाही, कारखान्यात नोकरी नाही, गाडी चालवायचा परवानाही नाही. त्यामुळे सगळे घेत.

शर्वरी लगामाच्या संमतीपत्रावर सही न करता थेट डॉ. शाहीन मुजावर यांच्याकडे गेली. ही खूण त्यांनीच शोधली होती. पोरगी रडायला आलेली नाही हे बघून त्यांनी तिला काचेपलीकडचं शीतघर दाखवलं. कापडाच्या जुन्या मागांवर राबलेल्या हजारो माणसांचे श्वास आणि फुप्फुसांचे बारीक तुकडे तिथे गोठवून ठेवले होते. पुढे त्यांतली कोण आजारी पडली, कोण धडधाकट राहिली हे कळल्यावर दोन्ही गटांचे जुने नमुने काढून शेजारी शेजारी तपासले. आजारी पडलेल्यांच्या श्वासात, खोकला सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून, काही प्रथिनांची एक ठरावीक जुळणी होती. तीच व्रणखूण.

शर्वरीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमच्या वयाच्या, खूण असून लगाम न घेतलेल्यांचं पुढे काय झालं?"

डॉक्टर म्हणाल्या, "त्या जुन्या लोकांच्या छातीत कापसाची धूळ होती. तुझ्या जन्माआधीच मागांवरची हवा स्वच्छ झाली. धूळ छातीत न गेलेल्या माणसात ही खूण तेच सांगते का, हे बघायचं तर खूण असलेली, औषध न घेतलेली माणसं हवीत. तशी कुणी उरलीच नाहीत."

लगाम घेतलेला माणूस आजारी पडला नाही की ते औषधाचं यश धरलं जाई. मुळात तो आजारी पडणार होता का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी हे वरिष्ठांना वारंवार कळवलं होतं; पण औषध थांबवून लोकांचे जीव धोक्यात घालायला कुणी तयार नव्हतं. त्या स्वतःही नव्हत्या.

"मग मी आहे ना," शर्वरी म्हणाली.

डॉक्टरांनी तिला समजावलं. खूण खरी असेल तर खोकला लागेपर्यंत उशीर झालेला असेल, मग लगामाचाही उपयोग नाही. शिवाय एकटीने काही सिद्ध होत नाही.

"एकीपासून मोजायला सुरुवात तर होते. मी दरवर्षी येईन. निकाल काहीही निघो, तो चारचौघांत सांगायचा. झाकायचा नाही."

संघातून तिचं नाव गेलं. आईने कितीतरी दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. शर्वरी बाजाराच्या मैदानावर खेळू लागली, जिथे लगाम घेतल्याचा दाखला कुणी मागत नसे. दरवर्षी श्वास दिला, छाती तपासून घेतली, दरवर्षी फुप्फुस स्वच्छ निघालं. तिला बघून आणखी काही पोरापोरींनी सह्या नाकारल्या. डॉक्टरांना मोजायला माणसं मिळू लागली.

मग एका सामन्यात चढाईला निघतानाच तिच्या घशात माती गेली आणि तिला ठसका लागला. कडेला उभे असलेले लोक एकदम पुढे झुकले. त्यांतले बरेच लगाम घेतलेले होते. ते थांबून थांबून श्वास घेत, म्हणून ओळखू येत. त्यांच्या चेहऱ्यांवर काळजी नव्हती. ते वाट बघत होते. ठसका थांबला, तिने दोन गडी बाद केले, आणि ती माणसं मान खाली घालून पांगली. त्यानंतर चहाच्या टपरीवर कुणी तब्येत विचारली की ती "झकास" म्हणायची आणि समोरचा चेहरा उतरताना बघायची.

पाचव्या वर्षी केतकी तिच्यासोबत श्वासपेढीत आली. ती कधी येत नसे. निकाल सांगायला डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. शर्वरीचं फुप्फुस स्वच्छ होतं, नकार देणाऱ्या इतरांचंही होतं. अजून ठामपणे सांगता येणार नाही, काही वर्षं जावी लागतील, असं त्या म्हणाल्या. पण बोलताना त्यांनी केतकीकडे बघितलं नाही.

उतरताना केतकी पायरीवर बसली. शर्वरीही शेजारी टेकली.

"मी का आले, विचारलं नाहीस," केतकी म्हणाली.

"का?"

"मला वाटलं, या वेळी काहीतरी निघेल." दम घेऊन ती पुढे बोलली. "त्या दिवशी सामन्यात तुला ठसका लागताना बघितलं ना, मला बरं वाटलं, शर्वरी. तू माझी बहीण आहेस, आणि मला बरं वाटलं. तू आजारी पडलीस तर मी केलं ते बरोबर होतं. नाही पडलीस तर माझं सगळं फुकट गेलं."

शर्वरीला हे ठाऊक होतं. बहिणीच्या तोंडून ऐकायचं मात्र बाकी होतं. राग आला नाही. तिने केतकीचा हात हातात घेतला, पण आवाज मऊ केला नाही.

"ताई, तुझ्यासाठीसुद्धा मी आजारी पडणार नाही."

केतकीने मान हलवली.

"नको पडूस," ती म्हणाली. दोनच शब्द, पण ते बोलायला तिला दोन श्वास लागले.