वीतभर जास्त

चित्रकारांना एक वाईट खोड असते. ब्रश टेकवला की मागे न बघता मागे सरकायचं! निएवेसही सरकली... आणि थेट कुणाच्या तरी पायावर उभी राहिली.

"आई गं! मेलो!"

"मग माझ्या पाठीमागे कशाला उभा राहतोस?"

"माझ्या नंबराची वाट बघतोय," तो पाय चोळत म्हणाला. "एका चित्रासमोर एकालाच नक्कल करायला बसू देतात. तुझं संपलं की मी. आणि तू तर संपवायचं नावच घेत नाहीस!"

त्याचं नाव इन्याकी. माद्रिदच्या त्या जुन्या कलादालनात तो मग रोजच टपकू लागला. केसांवर पावसाचे थेंब, ओठांवर तेच मिश्कील हसू. "काय, झालं का मेरीचं नाक?" निएवेस चिडल्यासारखं दाखवायची. पण त्याला यायला जरा उशीर झाला की तिचे डोळे चित्र सोडून दाराकडे धावायचे. मेलं मन, दुसरं काय!

चित्र संपवणं भागच होतं. गावच्या चर्चमधलं मेरी आणि बाळ येशूचं चित्र आगीत जळालं होतं, लाकडी चौकट तेवढी वाचली होती. रविवारी जत्रा. "चित्र मी लावते," असं निएवेसनं छातीठोकपणे सांगितलं होतं. बाबा गावचे सुतार. ते फटकन म्हणाले होते, "चित्रांनी पोट भरत नाही पोरी, हसं मात्र होतं."

गुरुवारी, तिच्या शेवटच्या दिवशी, देखरेखीवरच्या एन्कार्नाबाई टेप घेऊन आल्या. माप घेतलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"अगं, हे तर मूळ चित्राएवढंच! नक्कल लहान तरी हवी, नाहीतर मोठी, म्हणजे कुणी अस्सल म्हणून खपवणार नाही. हे बाहेर जायचं नाही."

निएवेसच्या पायाखालची जमीन सरकली. तिनं गावच्या चौकटीचं माप घेऊन कॅनव्हास आणला होता, मूळ चित्राला टेप लावलीच नव्हती. गावातलं ते जळालेलं चित्र याच चित्राची नक्कल होती हे ठाऊक होतं, पण मापही तेच असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

"कापते खालून..." ती कात्री शोधू लागली.

"आणि बाळाचे पाय?" इन्याकी पुढे झाला. "कापू नकोस, वाढव!" त्यानं स्वतःच्या कोऱ्या कॅनव्हासची वीतभर पट्टी टर्रकन फाडली. "ही खाली जोडू. एन्कार्नाबाई, उद्याचा माझा नंबर हिला द्या."

"वेडा आहेस का रे! तुझा कॅनव्हास...!"

"आहे वेडा. फोन कर बाबांना."

तिनं भीतभीतच फोन लावला. "बाबा... चित्र वीतभर वाढतंय. चौकटीत बसणार नाही."

पलीकडे रंध्याचा आवाज थांबला. मग घोगरा आवाज आला. "वीतभर लाकूड जोडता येत नाही होय तुझ्या बापाला? घेऊन ये."

शुक्रवारभर तिनं त्या पट्टीवर मेरीच्या पायांशी गावची बदामाची झाडं फुलवली. संध्याकाळी एन्कार्नाबाईंनी पुन्हा माप घेतलं आणि चित्राच्या पाठीवर शिक्का हाणला. "जा आता!"

"रंग ओला आहे," निएवेस इन्याकीकडे न बघता म्हणाली. "ओलं चित्र एकटीला बसमधून नेता येत नाही..."

"हमाल बघू का एखादा?"

"हमाल नको! तू ये. रंग वाळला असता ना, तरी... तरी मला तूच हवा होतास."

इन्याकीचे कान लाल झाले. एवढा बोलघेवडा गडी, पण नुसता ब्रश पुसत बसला. शेवटी एन्कार्नाबाईच कडाडल्या, "अरे सांग की तिला! दुसरं चित्र देत होते मी याला, बसायला तयारच नाही. म्हणे, हिच्याच मागे थांबतो!"

रविवारी चर्चच्या घंटा घणघणल्या. जुन्या काळपट चौकटीला खाली नवं पांढरं लाकूड जोडलेलं, आणि त्यात गुलाबी बदाम फुललेला. बायका डोळे पुसत होत्या. टोपी हातात धरून बाबा कितीतरी वेळ बघत राहिले, मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "माझ्या पोरीनं काढलंय!"

मग त्यांची नजर इन्याकीच्या सदऱ्यावरच्या गुलाबी डागांवर गेली.

"आणि हा कोण गं?"

निएवेसनं भर गावासमोर त्याचा हात धरला.

"हा माझा आहे, बाबा."