बिलाराची सात फाटकं

हमरस्त्यावरच्या रोडहाऊसमध्ये खिमा भरलेला मीट पाय आणि चहा संपवून ग्वेन उठली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि छपराचा पत्रा तापून तडतडायला लागला होता. तिनं पाण्याचे दोन कॅन गाडीत ठेवले, डिझेल भरलं आणि सांगून जायला पुन्हा आत आली. एकट्यानं रानात शिरायचं तर कुठं जातोय आणि कधी परततोय हे कुणाला तरी सांगायचंच, ही इकडची शिस्त.

"बिलारा?" डॉटनं चष्म्यावरून पाहिलं. तीस वर्षं ती हे रोडहाऊस एकहाती चालवत होती आणि गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेणं हा आपला हक्कच समजत होती. "तिथं आता उंदीरसुद्धा राहत नाही, बाई. काय काढलंस तिकडं?"

"माहेर आहे माझं. बाबांचं गुरांचं रान होतं ते. बहिणीची कबर आहे तिथं."

"अगं बाई! म्हणजे ती पोरगी तुमची होय? रागाच्या भरात गाडीतून उतरून चालत सुटली होती, ती?"

ग्वेन गाडीच्या किल्ल्या चाचपत म्हणाली, "हो, तीच."

"सहाच्या आत आली नाहीस तर पोलिसांना फोन लावीन हां. आणि वाटेतल्या कुंपणांची ती सात फाटकं? एकटीनं म्हणजे चौदा वेळा चढ-उतर. गुडघे राहतील का जागेवर?"

"गेल्याच वर्षी नवे बसवलेत. वापरून तरी बघते."

डांबरी रस्ता सुटला आणि लाल मातीची वाट सुरू झाली. ग्वेनला बरं वाटलं. चौसष्टाव्या वर्षीही या वाटेचा खडखडाट हाडांना ओळखीचा होता.

फाटक उघडायचं काम खिडकीशी बसणाऱ्याचं, हा या मुलखातला न लिहिलेला कायदा. त्यामुळे बाबांच्या जुन्या ट्रकमध्ये मधली जागा पटकावायला दोघी बहिणींची मारामारी व्हायची. ग्वेन धाकटी आणि लबाड. मधे बसायची आणि फाटक दिसलं की डोळे मिटून घ्यायची. "झोपल्या बघा महाराणी!" असं म्हणत कोरल उतरायची. फाटक उघडायची, ट्रक आत आला की लावायची, साखळी आकड्यात अडकवायची. आणि धावत येऊन तिनं दाराला हात घातला की बाबा ट्रक दहा पावलं पुढं न्यायचे. पुन्हा धावत आली की पुन्हा दहा पावलं. "बाबा, आता मार खाल हं!" कोरल ओरडायची आणि झोपलेली ग्वेन खदखदून हसायची. पण दोनदाच. तिसऱ्यांदा गाडी थांबायचीच, त्यात बाबांनी कधी लबाडी केली नाही.

पहिलं फाटक तिनं स्वतः उघडलं, स्वतः लावलं. बाहेर भट्टी पेटली होती. माशा डोळ्यांत शिरत होत्या.

दुसरं उघडं होतं. फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं, म्हणून ती सरळ आत गेली. सहज आरशात पाहिलं. मागची धूळ खाली बसत होती आणि धुळीमागं फाटक लागलेलं होतं. वारा असेल, असं तिनं मनाला समजावलं. पण एक पानही हलत नव्हतं... आणि वारा साखळी अडकवत नाही.

तिसरं उघडं. चौथं उघडं. प्रत्येक वेळी मागं साखळीचा किणकिण आवाज. पाचव्या उघड्या फाटकातून आत आल्यावर ग्वेननं गाडी थांबवली आणि एखादं माणूस फाटक लावून परत यायला जेवढा वेळ लागेल तेवढी वाट पाहिली. बाजूची जागा रिकामीच होती. पण गाडीत कोरलच्या केसांचा वास आला, सनलाइट साबण आणि उन्हात तापलेल्या गवताचा. अठ्ठेचाळीस वर्षांत तो वास तिला एकदाही नीट आठवता आला नव्हता. तिला भीती वाटली, आणि त्याहून जास्त, रडू आलं.

"कोरल... बसलीस का?"

सहावं फाटक लांबूनच उघडताना दिसलं, आपलं आपण, सावकाश.

सातवं बंद होतं.

ते उघडणार नाही हे तिला ठाऊक होतं. हँडब्रेक ओढून, इंजिन तसंच चालू ठेवून ती उतरली. साखळी पोळत होती. तिनं फाटक ढकललं आणि मागं गाडीचा आवाज बदलला. रिकामी गाडी हळूहळू तिच्या शेजारून पुढं गेली, दहा पावलांवर थांबली. मागचे लाल दिवे लागले. कुणाचा तरी पाय ब्रेकवर होता.

ग्वेननं फाटक लावलं. हातांना सवयच तशी. डोक्यावर टोपी नाही, पाणी गाडीत, घर नऊ किलोमीटर पुढं.

"मी कबरीपाशी सांगणार होते," ती मोठ्यानं म्हणाली. जीभ कोरडी पडली होती. "इथंच सांगते. तू रागावून उतरली नव्हतीस. त्या दिवशी मी चालवत होते आणि तू हेच फाटक लावत होतीस. दोनदा पुढं नेली आणि... तिसऱ्यांदा थांबलेच नाही. टेकाडापलीकडं जाऊन तुला घाबरवायचं होतं गं, एवढंच. तिथं चाक वाळूत रुतलं. मला वाटलं, येशील दहा मिनिटांत. तू घराकडं रानातून आडवी निघालीस. दुसऱ्या दिवशी सापडलीस, उन्हातहानेनं गेलेली... आणि मी बाबांना सांगितलं, कोरल रागानं उतरली, ऐकलंच नाही. बाबा मरेपर्यंत तुलाच हट्टी म्हणत राहिले. आज सकाळीसुद्धा मी 'हो, तीच' म्हणाले."

इंजिन शांतपणे चालू होतं. ग्वेन गाडीपाशी गेली, डाव्या दाराच्या मुठीला हात लावला. गाडी दहा पावलं पुढं सरकली.

ती हसली. खरंच हसली, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. "आता मार खाशील हं!" म्हणत नव्या गुडघ्यांवर लंगडत धावली. बोटं मुठीला टेकली... गाडी पुन्हा दहा पावलं.

दोनदा झालं होतं.

समोर ते टेकाड होतं, लाल आणि उघडंबोडकं. माशा एकाएकी गप्प झाल्या होत्या. आता ग्वेन धावली नाही. एक एक पाऊल टाकत निघाली. मागचे दिवे लाल होते. मागच्या चाकापाशी पोचली. दार दोन पावलांवर होतं.

"कोरल..." ती कुजबुजली.

लाल दिवे विझले. ब्रेकवरचा पाय उचलला गेला होता.