झाकण लावल्यावरही दिसणारा ठिपका

"आबा, हीच आईची भारद्वाज! रोज थोडी थोडी सरकतेय!" कस्तुरीने फोटोतल्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

चांद्रवस्तीवर दुपारचे चार वाजले होते. चंद्रावर हवा नसते, म्हणून खिडकीबाहेर भर दुपारीही काळंभोर आकाश आणि तारेच तारे. मंगळाहून आईला घेऊन परतणाऱ्या 'भारद्वाज' या शीडयानाशी (सूर्यप्रकाशाच्या रेट्यावर चालणाऱ्या यानाशी) नऊ दिवस संपर्क तुटला होता. यान वाट चुकलं होतं. त्याला हाक मारणारा अँटेना एका वेळी आकाशाच्या इवल्याशा तुकड्याकडेच वळवता येई. तो वळवायचा कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कस्तुरी रोज खिडकीतून फोटो काढायची आणि तो ठिपका जिथे दिसे, तिथे तारानकाशावर आईची एक टिकली चिकटवायची. आता नऊ टिकल्यांची सुरेख रांग झाली होती. झोपताना ती त्या ठिपक्याशी गप्पाही मारायची.

आबांनी आयुष्यभर दुर्बिणी बनवल्या होत्या. त्यांनी नऊही फोटो शेजारी शेजारी मांडले. "सरकतंय कोण, नीट बघ."

कस्तुरीने पाहिलं. चंद्र स्वतःभोवती फिरतो, म्हणून तारे रोज पुढे गेले होते. ठिपका मात्र प्रत्येक फोटोत त्याच डाव्या कोपऱ्यात ठाण मांडून होता; म्हणूनच तारानकाशावर तो सरकल्यासारखा वाटे.

"आता कॅमेऱ्याला झाकण लाव आणि फोटो काढ."

"झाकण लावून? आबा, काहीतरीच काय!"

पण तिने काढला. काळ्या फोटोत तारे नव्हते. लाल ठिपका होता.

कस्तुरीचा चेहरा पडला. "म्हणजे तो आकाशात नाहीच?"

"कॅमेऱ्याच्या आतच आहे गं. आत संवेदक असतो (प्रकाश टिपणारी चकती). त्यावर लाखो पिक्सेल (चित्राचे बारीक कण) असतात. एखादा बिघडला, की गळक्या नळाखालच्या बादलीसारखा उजेड नसतानाही भरत राहतो. कॅमेरा कुठे ठेवतेस?"

कस्तुरीची नजर खिडकीकडे गेली. वस्तीतली नाजूक यंत्रं मातीखालच्या कपाटात ठेवायची, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. वैश्विक किरणांपासून (अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांपासून) माती त्यांना जपते. आई दिसेल म्हणून हिने कॅमेरा खिडकीतच ठेवला होता.

"मी नऊ दिवस एका बिघाडाशी बोलत होते," ती म्हणाली आणि रडली. आबांनी तिला रडू दिलं.

मग तिनेच नाक पुसलं. "आबा, झाकण लावल्यावर दिसतं ते कॅमेऱ्याचं. मग ते सगळ्या फोटोंतून वजा केलं तर?"

"तर उरेल ते आकाशाचं."

तिने वजाबाकी केली. लाल ठिपका गेला. त्याच्या दिमाखापुढे तिने कधी पाहिलाच नव्हता असा एक फिकट कण उरला. तो नकाशात नव्हता. प्रत्येक फोटोत त्याची जागा वेगळी होती, आणि शेजारच्या ताऱ्यांपासूनही तो रोज केसभर दूर जात होता.

"सरकतंय ते हे!" आबा ताडकन उठले. त्यांनी नियंत्रण कक्षाला ती जागा कळवली. अँटेना हळूहळू वळला. बराच वेळ नुसती खरखर. आणि मग, लाखो किलोमीटरांवरून, दमलेला आवाज आला, "भारद्वाज बोलतेय... ऐकतंय का कुणी?"

"मी ऐकतेय, आई! मी कस्तुरी!"

हे शब्द तिथे पोचून उत्तर यायला दहा सेकंद लागले. आबांनी ती मोठ्याने मोजली.

"कस्तुरी? जेवलीस का गं?"