भिंतीला हात लावायचा नाही

तो दिवा राहू द्या बंद. बाहेरून येतोय तेवढा उजेड पुरे. आणि मधेमधे "मग काय झालं, काका?" करायचं नाही, झालं तेच सांगतोय. ही काही कानोकानी आलेली गोष्ट नाही. माझ्या डोक्यावर राहणाऱ्या माणसाची आहे. म्हणजे मी दुसऱ्या मजल्यावर, तो तिसऱ्या.

डिसेंबरातला पहिला शनिवार होता. रात्री दहाच्या सुमारास हा माणूस रंगाचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन जिना चढत होता. लिफ्ट चालू होती, पण लिफ्टच्या आरशावर त्याला डाग दिसायचे, म्हणून तो जिन्यानंच जायचा. सोसायटीत सगळे त्याला 'टापटीप' म्हणायचे. हॉटेलात खोल्यांच्या साफसफाईवर देखरेख करायची नोकरी. टेबलावरून बोट फिरवून धूळ शोधायची खोड इतकी, की माझ्याकडे चहाला आला तरी बोट फिरवायचाच. एकदा म्हटलं, "अरे, चहा पी, टेबल राहू दे." हसलासुद्धा नाही.

काम साधं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लॅट बघायला गिऱ्हाईक येणार होतं, आणि ते जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. बेडरूमच्या भिंतीवर पुन्हा डाग पडला होता, तो रंगवून टाकायचा. पुन्हा म्हणजे काय, ते आता ऐका.

फ्लॅट एका बेडरूमचा. वडिलांनी जाण्याआधीच याच्या नावावर केलेला. घरात हा आणि आई. आईची नजर काचबिंदूनं केव्हाच गेली होती, पण त्या घरात तिचं काही अडायचं नाही. डावा हात भिंतीला लावून ती बेडरूममधून स्वयंपाकघरात जायची, दूध तापवायची, भाजी निवडायची, याचा डबा भरायची. वर्षानुवर्षं तळवा फिरून भिंतीवर तिच्या कमरेच्या उंचीला एक काळपट, गुळगुळीत पट्टा उमटला होता, चादरीला काठ असावा तसा. त्या पट्ट्याकडे नजर गेली की टापटीप तोंड फिरवायचा.

मग त्यानं घर नवं करायला काढलं. आईला सांगितलं, तुझ्यासाठी करतोय. करत होता विकण्यासाठी. आईची सोय वृद्धाश्रमात बघून ठेवली होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. स्वयंपाकघराची भिंत पाडली. ओटा पुढे आणला, काळ्या ग्रॅनाइटचा, कोपरा असा की बघूनच कपाळ दुखावं. बेडरूमची जुनी खिडकी काढून तिथे एकच मोठी, न उघडणारी काच बसवली. आणि सगळ्या भिंती पांढऱ्याशुभ्र.

"भिंत कुठे गेली रे?" हवेत हात फिरवत आईनं विचारलं.

"पाडली. मोकळं वाटतंय ना?"

मोकळं म्हणजे काय असतं, ते कधी डोळे मिटून चालून बघा.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. आई विचारायची, कोण आलंय? हा सांगायचा, सोसायटीच्या कमिटीची माणसं आहेत, काम बघायला आलीत. ती बिचारी त्यांना चहा विचारायची! आणि तीच माणसं भिंतीवरचे हाताचे डाग बघून तोंड वाकडं करून निघून जायची.

"आई, भिंतीला हात लावायचा नाही. डाग पडतात."

"मग चालू कशी, बाळ?"

याचं उत्तर त्यानं हॉटेलातून आणलं. वाढपी घालतात ते पांढरे सुती हातमोजे. आईच्या हातांवर चढवले आणि मनगटाशी नाडीनं बांधले, तिला सोडवता येऊ नये अशी गाठ मारून. डोळे गेलेल्या बाईचे उरलेसुरले डोळेही त्यानं बांधून टाकले. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

आठवडाभरातच झालं ते. दुपारी ती पाणी प्यायला उठली. मोज्यातला हात ग्रॅनाइटवरून सटकला. कपाळ कोपऱ्यावर. हा घरातच होता, आवाज ऐकून धावत आला. आईचा श्वास चालू होता. "बाळ," म्हणाली. पण याची नजर गेली भिंतीवर. पडताना तिचा हात भिंतीवरून ओढला गेला होता, लाल. यानं आधी फडकं ओलं केलं. भिंत पुसली. मग गाठी सोडल्या, मोजे खिशात घातले. मग डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी बोलावलं असतंत तर..."

ते थोडं कुठे गेलं, ते त्याला ठाऊक होतं. पुढे त्यानंच मला सांगितलं.

आई गेल्यावर तो हॉटेलातच राहायला गेला. फ्लॅटला कुलूप, किल्ली फक्त याच्याकडे. तरी बेडरूमच्या भिंतीवर डाग. कमरेच्या उंचीला, हात ओढत नेल्यासारखा. रंगाऱ्याला बोलावून रंगवून घेतला. पुन्हा आला. पुन्हा रंगवला. त्यानंतर रंगाऱ्यानं हात जोडले. "साहेब, रंग बरोबर आहे. भिंत बरोबर नाही. मी येत नाही."

म्हणून त्या शनिवारी हा स्वतःच आला. डाग रंगवला, पंखा लावला, जमिनीवर गादी टाकली. आज इथेच झोपायचं आणि हा चावटपणा कोण करतोय त्याला रंगेहाथ पकडायचं, असा बेत होता. बाहेरचं दार नुसतं लोटलं आणि बेडरूमचं सताड उघडं ठेवलं, कोणी आलं तर कळावं म्हणून.

मध्यरात्र उलटली असेल. पंखा थांबला. दिवा गेला.

रस्त्यावरचा उजेड काचेतून यायला हवा होता. आला नाही. डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. टॉर्चसाठी फोन चाचपडला. सापडला नाही. उठला. भिंतीला हात लागला. बरं वाटलं. भिंत धरून गेलं की दार येणारच.

कोपरा आला. पुढे भिंत. मग कोपरा. भिंत...

काच यायला हवी होती. आली नाही. दार यायला हवं होतं.

भिंत.

तो हसला. झोपेत आहोत, म्हणाला. पुन्हा एक फेरी मारली. भिंत, कोपरा, भिंत, कोपरा. मग त्याच्या लक्षात आलं. भिंत हाताला लागत होती, पण थंड लागत नव्हती. खरखरीत नाही. ओली नाही. काहीच नाही. त्यानं एका हातानं दुसरा हात चाचपला.

कापड.

मनगटावर गाठ. दातांनी ओढली. सुटेना. आणखी घट्ट...

"आई..." तोंडातून निघून गेलं. "आई, दार कुठे आहे गं?"

हवेत हात फिरवत राहिला.

मग अगदी जवळून, त्याच्या कमरेच्या उंचीवरून. लहानपणी त्याला झोपेतून उठवायची त्याच मायेनं...

"भिंतीला हात लावू नकोस, बाळ. डाग पडतात."

"मी उजाडेपर्यंत किंचाळत होतो, काका," असं तो पुढे मला म्हणाला. मी बरोबर त्याच्या खाली झोपतो. माझी झोप अशी, की नळ ठिबकला तरी जाग येते. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

सकाळी गिऱ्हाईक आलं, नवरा-बायको. बेल वाजवून थकले, मग मला घेऊन वर गेले. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. बेडरूमचं सताड उघडं. आत ऊन. आणि टापटीप कमरेत वाकून, भिंतीला हात लावून खोलीभर फेऱ्या मारत होता. हातात मोजे नव्हते. बोटांची टोकं सोलून निघाली होती. चालत चालत तो दारापाशी आला. उघड्या दारापाशी, पोरांनो, आम्ही तिघं समोर उभे... आणि त्याचा हात तसाच पुढे सरकला. रिकाम्या हवेवरून. भिंत असावी तसा, सपाट. आणि तो निघून गेला पुढच्या भिंतीकडे.

त्या बाईनं जिना गाठला तो पुन्हा मागे वळून पाहिलं नाही. टापटीपला दवाखान्यात नेलं. तिथे माझा हात घट्ट धरून त्यानं सगळं सांगितलं. महिन्याभरात गेला. शेवटपर्यंत कॉटवरून उतरला नाही. दार कुठे आहे ते दाखवा, म्हणायचा, आणि दार समोरच असायचं.

घर बंद करायच्या आधी कमिटीनं त्याच रंगाऱ्याला गळ घातली, निदान खोली साफ करून दे. चार भिंतींवरचा लाल पट्टा त्यानं घासून काढला. काचेवरचा मात्र निघेना. साबण लावला, रॉकेल लावलं, पात्यानं खरवडलं. मग काचेवर बोट ठेवून थबकला आणि मला हाक मारली. मीही बोट फिरवून बघितलं. काच आतून लख्ख होती.

तिसरा मजला. खाली सज्जा नाही, कठडा नाही, पाय ठेवायला वीतभर जागा नाही. काच उघडत नाही. आणि पट्टा बाहेरून होता.