काळ्या पट्टीखालचा लाल दिवा

सामानखोलीत कॅमेरा एकच उरला होता आणि त्यावर हात दोन पडले. एक माझा, दुसरा लांबलचक बोटांचा. मान वर, आणखी वर करून पाहिलं तर वर्गातला ट्रायपॉड! उंच, काटकुळा, तासन्‌तास न बोलता उभा राहणारा... नाव दुसरं काय पडणार?

"सोड. माझी बातमी आहे आज," मी म्हणाले.

"माझीही आहे. पण मला बोलता येत नाही आणि तुला कॅमेरा धरता येत नाही. दोघं मिळून एकच करू?"

वर्षभरात त्याच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात मोठं भाषण. मी हो म्हणाले, कारण पाणी माझ्या नाकातोंडाशी आलं होतं. पत्रकारितेच्या वर्गात मॅडम मला घाईबाई म्हणत. माझे आधीचे दोन रिपोर्ट त्यांनी 'पोपटपंची' म्हणून परत केले होते. त्या दिवशी पाचच्या विद्यार्थी बुलेटिनमध्ये हा तिसरा लागला नाही, तर माझ्या हातचा माईक जाणार आणि उरलेलं वर्ष मी दुसऱ्यांच्या बातम्यांचे मथळे टाइप करत बसणार होते.

विषय होता दवाखान्यासमोरच्या पादचारी पुलाची लिफ्ट. आठ महिने बंद. लिफ्टमनकाका मात्र रोज गणवेश घालून त्या बंद दारापाशी स्टुलावर हजर.

लाल दिवा दिसला की माणसं अवघडतात, म्हणून ट्रायपॉडने कॅमेऱ्याच्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवली होती. उन्हात स्क्रीनही धड दिसत नव्हता. "दुरुस्तीचं काम प्रगतिपथावर आहे," काका पाठ केल्यासारखं बोलले. मी तीनदा प्रश्न फिरवून विचारला, तीनदा तेच उत्तर.

"काका, केला बंद कॅमेरा. बसा निवांत," शेवटी मी ट्रायपॉडला खूण करत म्हणाले. मग ते मोकळे बोलू लागले आणि मी केस बांधत ऐकत राहिले. सहज वळून पाहिलं, तर ट्रायपॉड माझ्याकडेच बघत होता.

"काय?"

"काही नाही... वारा आहे," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या मात्र लालबुंद. मी पाण्याची बाटली आणायला निघून गेले, हसू लपवायला.

दुपारी एडिटिंगच्या खोलीत फुटेज लावलं. मुलाखत नव्हतीच! ट्रायपॉडने सुरुवातीलाच बटण एकदा जास्त दाबलं होतं. पुढे तो कॅमेरा चालू करायला गेला की बंद होई आणि बंद करायला गेला की चालू. रेकॉर्ड झालं होतं ते मधलंच सगळं. माझं केस बांधणं आणि निवांत बसलेले काका.

"माझं काम माणसांना वर न्यायचं," ते सांगत होते. "आता आजीबाईंच्या पिशव्या घेऊन अठ्ठावन्न पायऱ्या चढतो. बंद लिफ्टपाशी गणवेश घालून बसायची लाज वाटते हो. पण मी घरी बसलो, तर त्यांच्या सोबतीला कोण?"

मी फुटेज तिथेच थांबवलं. बातमी ती हीच!

"लावून टाकू," मी म्हणाले. तीन वाजून गेले होते.

ट्रायपॉड खाली मान घालून बसला होता. "चूक माझीच आहे. पण... कॅमेरा बंद आहे असं तू त्यांना सांगितलं होतंस."

मला असा राग आला! आधी घोळ घालायचा आणि वर शहाणपण शिकवायचं! पण तो म्हणत होता ते खरं होतं आणि राग त्या खरेपणाचाच आला होता. मी लॅपटॉप काखेत मारला. "चल."

पुलाखाली काकांनी स्वतःला पाहिलं, दोनदा.

"तुम्ही नको म्हणालात तर नाही लावणार," मी म्हणाले. म्हणताना माईक हातातून निसटताना दिसत होता.

"हा मी? बरा बोललो की!"

"नोकरीवर गदा आली तर?"

"आठ महिने तळमजल्यावर बसवलंय मला, पोरी. आता आणखी खाली कुठे पाठवणार? लावा!"

परत येऊन तुकडे जुळवताना हेडफोनमध्ये मी पाणी आणायला गेले होते तेव्हाचं ऐकू आलं. काका विचारत होते, "ही तुमची कोण हो?" आणि माईकला खेटून, अगदी हळू आवाज आला, "अजून कोणी नाही, काका."

मी तो तुकडा पुन्हा ऐकला. आणि पुन्हा... बुलेटिनला चाळीस मिनिटं उरलेली असताना! शेजारी बसलेल्या त्याला मात्र काही कळू दिलं नाही.

पाचच्या बुलेटिनमध्ये बातमी लागली. ती संपल्यावर मॅडम बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

"बातमी द्यायला इतका उशीर का झाला?"

"काकांची परवानगी आणायला परत गेलो होतो."

"घाईबाई परत गेली?" त्या हसल्या. "मग माईक तुझाच. आणि ट्रायपॉड, कॅमेरा तुझा. बटण तेवढं शिक."

सगळा वर्ग हसला. माझा ऊर अभिमानाने भरून आला. स्वतःचा अभिमान होताच, पण मला वेळेवर अडवणाऱ्या त्या मुक्या माणसाचा जास्त.

कॅमेरा परत करायला सामानखोलीत आलो, तेव्हा मी दिव्यावरची काळी पट्टी सोलून काढली आणि कॅमेरा त्याच्यावर रोखला.

"हे काय?"

"मुलाखत. 'अजून कोणी नाही' असं विधान तुम्ही केलंय. त्यातल्या 'अजून'चा खुलासा हवाय."

"ते... रेकॉर्ड झालं?"

"तूच केलंस की! आता लाल दिवा चालू आहे. नीट बघ आणि मगच बोल."

त्याने दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी नजर हलली नाही.

"आवडतेस तू मला. केव्हापासूनच... आणि आज लॅपटॉप काखेत मारून निघालीस ना, तेव्हा फार अभिमान वाटला तुझा."

ते फुटेज अजून माझ्याकडे आहे. इथे चित्र जरा हलतं, कारण मला कॅमेरा धरता येत नाही. मग माईकला खेटून माझा आवाज येतो.

"आता आहे. जाऊन सांग काकांना."