सात नंबरचं पिंप

यातलं काहीही रचलेलं नाही. जिच्या बाबतीत हे घडलं, ती आजही वाइनरीच्या त्याच तळघरात कामाला जाते. फक्त सात नंबरच्या पिंपाकडे पाठ करून उभी राहत नाही.

फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार. दुपारचे साडेतीन.

तिच्या बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते.

बाबा वाइन करायचे. शार्डोने, पांढऱ्या द्राक्षांची. स्टीलच्या टाकीत आंबवली की ती हिरव्या सफरचंदासारखी चुणचुणीत होते. बाबांना ते पटायचं नाही. ते रस थेट ओकच्या लाकडी पिंपांत आंबवायचे. लाकडातून भाजलेल्या पावाचा वास उतरतो. बुडाचा गाळ काठीने ढवळत राहिलं की वाइन जिभेवर लोण्यासारखी पसरते. यंत्रांवर त्यांचा भरवसा बेताचाच. पिंपाला कान लावून ऐकायचे. कामगार त्यांना डॉक्टर म्हणायचे.

"बोलतंय तोवर ठीक," बाबा सांगायचे. "गप्प झालं की समजायचं, बिनसलं."

ते गेले तेव्हा ती इस्पितळात नव्हती. त्यांनीच पिटाळलं होतं. "माझ्याजवळ आई आहे. पिंपांजवळ कोण आहे?"

त्याच दिवशी सात नंबरचं पिंप गप्प झालं. रस आंबतो तशी त्यातली साखर संपत जाते; इथे अर्धी आत तशीच. बाकीची अकरा व्यवस्थित.

मालक म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघ. नाहीतर व्हिनेगरवाल्याला देऊन टाकू."

"बाबांची शेवटची वाइन आहे ती."

"म्हणून तर शुक्रवारपर्यंत. दुसऱ्या कुणाची असती तर आजच दिली असती."

ती रोज गाळ ढवळत राहिली. त्या मंगळवारी तिनं पिंपाला कान लावला...

आत काहीतरी होतं.

आंबणाऱ्या रसाची सळसळ नव्हे. ती एकसारखी असते. हे थांबत होतं.

तीन छोटे आवाज... मग काहीच नाही... तिनं मनात अकरापर्यंत मोजलं... मग एक लांब.

तिनं बुचात बसवलेल्या काचेच्या नळीकडे पाहिलं. नळीत थोडं पाणी असतं. आतला वायू त्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो. फक्त बाहेर. आंबणारं पिंप हवा आत ओढत नाही.

नळीतलं पाणी आतल्या बाजूला सरकलं... थांबलं... आणि परत आलं.

तिनं साखर मोजली. उतरू लागली होती.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन गेली. का, ते तिला अजून सांगता येत नाही.

"मला काय कळतंय यातलं?" पायऱ्या उतरताना आई कुरकुरली. "तीस वर्षांत ह्यांनी एकदा आणलं नाही मला इथे. म्हणे, तुझ्या पावडरचा वास लागेल वाइनला."

"कान लाव, आई."

आईनं हसतच कान लावला. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. डोळे बदलले.

"आता थांबेल," आई म्हणाली.

थांबलं.

"आता... मोठा."

आला.

बाबांचे शेवटचे सहा तास आईनं पलंगाशेजारी बसून हेच ऐकलं होतं.

"बंद कर हे."

"आई, दोनच दिवस. साखर संपत आलीये."

"तुला वाइन दिसतेय. मी ह्यांचे हाल एकदा पाहिलेत गं. पुन्हा नको."

बंद करणं अवघड नव्हतं. गंधकाची पूड टाकली की आंबणं थांबतं. डबा हाताच्या अंतरावर, फळीवर होता.

तिनं तो उचलला नाही.

आई एकटीच पायऱ्या चढून गेली.

शुक्रवारी सकाळी साखर शून्यावर आली. मालकांनी घोटभर चाखली आणि डोळे मिटले. "लोणी, भाजलेले बदाम... आणि तोंडातून जातच नाही! डॉक्टरचाच हात." ते खुशीत शीळ घालत वर गेले.

तिनं नळी पुन्हा बसवली. कान लावला.

तीन छोटे... अकरा आकडे... एक लांब.

पाणी आत सरकलं...

आणि आतच राहिलं.

ती मोजत राहिली. साठ. शंभर. दोनशे. मग तिनं नळी काढली आणि पक्कं बूच ठोकून बसवलं. एका दमात.

घरी आई भाजी चिरत होती.

"आई, बाबांचा शेवटचा श्वास..."

"आत घेतला," आई मान वर न करता म्हणाली. "बाहेर सोडलाच नाही."

याला वर्ष झालं. अकरा पिंपं बाटल्यांत भरून गेली. सात नंबरचं नाही.

लाकडातून वाइन सतत थोडी थोडी उडत असते. बूच काढून वरचेवर भर घालावी लागते, नाहीतर पिंप पोकळ वाजू लागतं. तिनं वर्षभरात एकदाही ते उघडलेलं नाही. तरी बोटानं ठोकलं की ते गळ्यापर्यंत भरल्यासारखं वाजतं.

मालक विचारतात, कधी उघडायचं? ती म्हणते, अजून तयार नाही.

आईनं मात्र त्या दिवसानंतर पिंपाचं नाव काढलं नव्हतं. काल जेवताना हातातला घास तसाच ठेवून ती म्हणाली,

"किती वेळ श्वास धरून ठेवायला लावणार आहेस गं ह्यांना?"