पुरिंगसाठी लिहिलेले लेख

ला पाझच्या बाजारात, बाचोय म्हणजे शेवयांचा रस्सा विकणाऱ्या खानावळीच्या वर आमचं ऑफिस होतं. खाली सकाळपासून हाडांचा रस्सा उकळत असायचा आणि त्याची वाफ जिन्याने थेट आमच्या टेबलांपर्यंत यायची. त्या वासात बसून मी एका वेबसाइटसाठी मधुमेहावर लेख लिहायचे. आधी मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे लेख कशासाठी आणि कोणासाठी हे ठरल्याशिवाय माझ्या हातून पहिलं वाक्य उतरायचं नाही.

आमचा मालक एडगार्दो लाचिका. त्यानेही सुरुवातीलाच सांगितलं होतं, "सगळ्यांसाठी लिहिलेलं कोणीच वाचत नाही, इल्दा. एक बाई डोळ्यांसमोर आण आणि तिच्याशी बोल."

मला पटलं. मी दुमांगास गावच्या बाजारात सुकी मासळी विकणारी एक बाई मनात उभी केली. नाव पुरिंग. पन्नाशी उलटलेली. जोड्यांतली एकेक चप्पल हरवल्यामुळे पायात एक निळी, एक हिरवी. रक्तात साखर. गोळ्या बिस्किटांच्या डब्यात ठेवलेल्या. यातलं एक अक्षर मी लिहिलं नाही, कोणाजवळ बोललेही नाही. फक्त लिहिताना ती समोर बसायची आणि मी तिला मानांग, म्हणजे मोठी ताई, म्हणत समजवायचे: भात कमी करा, मानांग. रोज तळपाय बघा. जखम झाली तर दवाखाना गाठा.

लेख चांगले चालले. एका सकाळी लेखाखाली अभिप्राय दिसला. पाठवणारीचं नाव पुरिंग.

"इंदाय, तुझं ऐकलं. डब्यातल्या गोळ्या टाकून दिल्या. बिस्किटं तेवढी ठेवली."

आमच्याकडे थोरल्या बायका धाकटीला इंदायच म्हणतात; आधी वाटलं, योगायोग. मग 'टाकून दिल्या' हे शब्द टोचले. मी माझाच लेख उघडला. शेवटचा परिच्छेद माझा नव्हता. गोळ्यांनी मूत्रपिंड सडतं, आमची पानांची पूड घ्या, दवाखान्याची पायरी चढावी लागणार नाही, असं त्यात होतं. खाली माझं नाव. मागचे लेख उघडले. सगळ्यांची शेपटं तशीच.

मी तणतणत लाचिकाच्या टेबलाशी गेले.

"माझ्या नावाखाली हे विष कोणी कालवलं?"

"मीच. लेखाला हेतू लागतो, असं तूच सांगत असतेस ना सगळ्यांना?" तो पान दे सालचा पाव चहात बुडवत म्हणाला. "पूड खपवणं हा हेतू."

"आणि पुरिंगच्या नावाने ही थट्टा कशाला?"

"कोण पुरिंग?"

त्याने अभिप्राय वाचला. त्याचा चेहरा खरोखरच कोरा होता. "गिऱ्हाईक खूश आहे. तू का तडतडतेस?"

"माणसं मरतील, सर!"

"वाचक मरत नसतात गं. वाचक म्हणजे आकडे."

मी जागेवर परतले तोवर दुसरा अभिप्राय आला होता.

"पायाला फोड आला होता, तो काळा पडलाय. दुखत नाही, म्हणजे बरंच होतंय ना? हिरवी चप्पल आता पायात जात नाही."

ताबडतोब दवाखान्यात जा, असं उत्तर मी लिहिलं. ते माझ्या डोळ्यांदेखत पुसलं गेलं. पलीकडे लाचिका माझ्याकडे न बघता कळफलक बडवत होता. मी पिशवी उचलली आणि दुमांगासला जाणारी प्रवासी जीपनी पकडली. रागामुळे भीती वाटायला डोक्यात जागाच उरली नव्हती.

बाजारात पहिल्याच मासळीवालीला विचारलं.

"पुरिंग ना? ती काय, मिठाच्या पोत्यांमागे."

"कधीपासून बसते इथे?"

"ती? ती तर..." ती थांबली. शेजारणीकडे वळली. "ए लुदिंग, पुरिंग कधी आली गं इथे?"

लुदिंग हातात मासा धरून नुसतीच उभी राहिली.

पोत्यांमागे ती बसली होती. एका पायात निळी चप्पल, दुसरा पाय फडक्यात गुंडाळलेला. सुक्या मासळीच्या वासातूनही त्याचा वास वेगळा येत होता.

"आलीस, इंदाय?"

लिहिताना मी ऐकायचे, तोच आवाज.

तिला ट्रायसिकल रिक्षात घालून मी सरकारी दवाखान्याकडे निघाले. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "माहेर कुठलं, मानांग?"

तिने बराच विचार केला.

"त्याचं तू काही बोलली नाहीस."



पाय बघून डॉक्टरीणबाई भडकल्या. "गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं?"

मी लाचिकाचं नाव ओरडून सांगितलं. पत्ता सांगितला. इथे, आत्ता, तक्रार लिहून घ्या म्हटलं. बाईंनी ती घेतली, आणि त्या तक्रारीवरून पुढे त्या ऑफिसला टाळंही लागलं. पण तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आधी पाय कापावा लागेल. सहीला घरचं माणूस हवं."

"मी करते."

"तुम्ही नात्यातल्या नाही. नवरा आहे का यांना?" नर्सने विचारलं.

पुरिंगने माझ्याकडे पाहिलं. शांतपणे, विश्वासाने, लेखातलं पुढचं वाक्य वाचायला थांबावं तसं.

"सांग ना, इंदाय."

तिच्या नवऱ्याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"काय नाव?" नर्स खेकसली. "वेळ नाहीये."

"क्रिसान्तो," मी म्हणाले.

बाहेरच्या बाकावर कोणीतरी खोकलं. आम्ही आलो तेव्हा तो बाक रिकामा होता.

"आलो," पुरुषाचा आवाज आला.

पावलं दाराकडे येऊ लागली. मी डोळे मिटले आणि घाईघाईने त्याच्यासाठी एक चेहरा ठरवू लागले.